ठिगळ आतून सडते

पालघरच्या किनारपट्टीवर गाडीचे इंजिन थकण्याआधी तिचा पत्रा हात टेकतो. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, चिंचणी इथून मासळी घेऊन निघणारे टेम्पो, बोईसर स्टेशनवरून कामगारांना तारापूर एमआयडीसीत सोडणाऱ्या इको आणि मॅजिक, वाणगावची मिरची आणि डहाणू-घोलवडचे चिकू वाहणाऱ्या पिकअप, शाळेच्या व्हॅन या साऱ्यांची इंजिने दुरुस्त होत होत वर्षानुवर्षे चालतात. संपतो तो फ्लोअर, दरवाजाखालचा रनिंग बोर्ड, चाकावरची कमान, हौद्याची कड आणि फाळक्याचा खालचा काठ. मग गाडी गॅरेजला लागते. डेंटर कटरने सडका भाग कापतो, मापाचा नवा पत्रा बसवून वेल्डिंग मारतो, वरून ग्राइंडर फिरवतो. पेंटर पुट्टी भरतो, प्रायमर मारतो, रंग चढवतो. गाडी नव्यासारखी दिसते. दोन, फार तर तीन पावसाळे जातात आणि त्याच ठिगळाच्या कडेने रंगाला फोड येतात. फोड बोटाने दाबला की आतला पत्रा कुरकुरतो आणि बोट आत जाते. मालक म्हणतो, खारी हवा आहे, काय करणार. हे उत्तर अर्धेच खरे आहे. हवा खारी आहेच, पण ठिगळ एवढ्या लवकर जाते ते हवेमुळे कमी आणि आपल्या कामाच्या पद्धतीमुळे जास्त. आपण ठिगळाची बाहेरची बाजू सजवतो आणि आतली बाजू उघडी, भाजलेली, तशीच सोडून देतो. त्या आतल्या बाजूचे काम हे पत्राकामाचे मुख्य काम मानले पाहिजे. त्याचे पैसे वेगळे मागितले आणि दिले गेले पाहिजेत, आणि ते झाले की नाही हे कोणीतरी तपासले पाहिजे.

आधी हवेचा हिशेब करू, कारण तिच्यावर ढकललेला दोष किती खरा आहे हे त्यातूनच कळते. हवा धातूला किती खाते यानुसार आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकाने तिचे वर्ग पाडले आहेत. प्रदूषित शहरे आणि बेताच्या खाऱ्या हवेचा किनारा यांना लागू पडणाऱ्या ‘सी ४’ वर्गात उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षात ५० ते ८० मायक्रॉन झिजते. त्यापुढच्या ‘सी ५’ वर्गात ही झीज ८० ते २०० मायक्रॉन होते. मोटारीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण ते एक मिलिमीटर, म्हणजे साडेसातशे ते हजार मायक्रॉन जाडीचा असतो. आपल्या पट्ट्यात समुद्रावरून येणारे मीठ आहे, दोन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस आहे, आणि तारापूरच्या कारखान्यांचा धूर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होती. तो निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन तिन्हींचा मिळून असतो, पण आम्लधर्मी वायू ओल्या पत्र्यावर बसले की गंजाला जोर चढतो हे सांगायला निर्देशांकाची गरज नाही. एवढे सगळे धरूनही साधी बेरीज अशी निघते की सपाट, उघडा, रंगही न लावलेला पत्रा एका बाजूने आरपार जायला इथेसुद्धा काही वर्षे लागावीत. झिजेचा वेग पहिल्या वर्षानंतर सहसा मंदावतोही. मग रंग दिलेले ठिगळ दोन-तीन पावसाळ्यांत कसे जाते? नुसत्या हवेने हे गणित सुटत नाही. पत्र्यात दुसरे काहीतरी चाललेले असते.

ते चालते दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत. ठिगळ बहुतेक वेळा जुन्या पत्र्यावर चढवून मारलेले असते, म्हणजे नव्या पत्र्याची कड जुन्यावर बोट-दोन बोटे येते आणि फक्त बाहेरची रेघ वेल्ड होते. तीसुद्धा अनेकदा सलग नसते, टाके घातल्यासारखी असते आणि मधली जागा पुट्टीने बुजवलेली असते. आत दोन पत्र्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहते. पाणी अशा फटीत आपोआप ओढले जाते आणि बाहेरचा पत्रा उन्हाने वाळला तरी तिथले पाणी वाळत नाही. फटीच्या तोंडाशी हवा भरपूर असते, तळाशी प्राणवायू संपतो, आणि या फरकामुळे एकाच पत्र्याचे दोन भाग विजेच्या घटाच्या दोन टोकांसारखे वागू लागतात. प्राणवायू कमी असलेला तळ झिजतो. मिठातले क्लोराइड तिकडे ओढले जाते, तळचे पाणी आम्ल होत जाते आणि झीज स्वतःलाच वेग देते. मीठ आणखी एक काम करते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधे मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळते. आपल्याकडे पावसाळ्यात, आणि एरवीही पहाटे, आर्द्रता त्याच्या वर असते. म्हणजे फटीत मीठ अडकलेले असेल तर पाऊस नसतानाही तिथे ओल राहते. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो दोन पत्र्यांना एकमेकांपासून फाकवतो, वेल्डिंगचे टाके ताणतो, पुट्टीला तडा देतो, आणि त्या तड्यातून आणखी पाणी आत घेतो. बाहेर फोड दिसतो तेव्हा आतले काम कधीच संपलेले असते.

यात वेल्डिंगच्या उष्णतेची भर पडते. पोलाद दीड हजार अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. जस्त ४२० अंशांच्या आत वितळते आणि ९०७ अंशांना उकळून वाफ होते. त्यामुळे कारखान्यात जस्ताचा थर चढवलेला पत्रा असला तरी वेल्डिंगच्या रेघेला लागून दोन्ही बाजूंचा थर उडून जातो. रंग आणि प्रायमर तर त्याच्याही आधी जळतात. बाहेरून हा भाग घासून पुन्हा रंगवला जातो. आतून काय राहते? निळसर-काळा भाजलेला पट्टा, जळलेल्या रंगाची राख, वेल्डिंगचे उडालेले थेंब. रॉडने मारले असेल तर ओल धरणारा स्लॅग, आणि पितळेने जोडले असेल तर फ्लक्सचा पांढरा थर. लोखंडाला चिकटलेले पितळ खाऱ्या पाण्यात शेजारच्या लोखंडालाच खायला लावते, हा त्यातला आणखी एक जाच. थोडक्यात, गाडीतली सर्वांत दुबळी जागा आपण स्वतःच तयार करतो आणि मग तिला रनिंग बोर्डच्या पोकळीत, जिथे कोणाची नजर जात नाही अशा अंधारात, मिठाच्या ओलीवर सोडून देतो. कंपनीतून निघालेली गाडी याच हवेत जी वर्षे काढते ती तिच्या आतल्या बाजूला मिळालेल्या संरक्षणामुळे. तिची संपूर्ण बॉडी जोडून झाल्यावर प्रायमरच्या टाकीत बुडवली जाते, त्यामुळे पोकळीतही थर बसतो. आपल्या ठिगळाला ती टाकी मिळणार नाही हे उघड आहे, म्हणून तिची जागा हाताने भरून काढावी लागते.

ती कशी भरायची यात गूढ काही नाही, क्रम तेवढा पाळावा लागतो. ग्राइंडर लावण्याआधी तो भाग गोड्या पाण्याने भरपूर धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. किनाऱ्यावरच्या काही गावांत विहिरीचे पाणी मचूळ असते, ते चालणार नाही. मीठ गंजाच्या खड्ड्यांत खोल बसलेले असते आणि कोरड्या घासण्याने ते फक्त पसरते. मग सडका पत्रा चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापावा. इथे कंजुषी झाली की पुढचे सगळे वाया, कारण पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, भोक पडते, आणि मग भोक बुजवायला आणखी उष्णता द्यावी लागते. शक्य तिथे नवा पत्रा जुन्याच्या कडेला कड लावून जोडावा, म्हणजे फट उरतच नाही. जिथे एकावर एक चढवणे भाग आहे तिथे मधल्या दोन्ही पृष्ठांवर वेल्डिंगमध्ये चालणाऱ्या जस्तयुक्त प्रायमरचा पातळ हात मारावा, आणि वेल्डिंगच्या नेमक्या रेघेवरून तो घासून काढावा. पातळ पत्र्याला रॉड किंवा गॅसपेक्षा सीओटू वेल्डिंग बरे, थोडे थोडे, जागा बदलत, थंड होऊ देत मारलेले. झाल्यावर आतून-बाहेरून राख आणि थेंब घासून काढायचे, दोन्ही बाजूंना इपॉक्सी प्रायमर द्यायचा, सांध्यावर सीलर भरायचा, त्यावर रंग. आणि रंग वाळला की शेवटी पोकळीत मेणाचा फवारा. लांब नळीच्या टोकाला चहूबाजूंनी फवारणारे तोंड असते. ती नळी रनिंग बोर्डच्या मूळच्या भोकातून शेवटपर्यंत घालायची आणि फवारत फवारत बाहेर ओढायची. पातळ मेण वेल्डिंगच्या फटीत शिरते आणि पाणी बाहेर ठेवते. मेण वेल्डिंगच्या आधी मारले तर पेट घेते आणि रंगाच्या आधी मारले तर रंग धरत नाही, म्हणून त्याचा नंबर शेवटचाच.

एका बारीक गोष्टीवर मुद्दाम थांबतो, कारण तिच्यामुळे चांगले ठिगळही फुकट जाते. प्रत्येक दरवाजाच्या तळाशी आणि रनिंग बोर्डच्या खाली पाणी निघून जायला छोटी भोके किंवा चिरा ठेवलेल्या असतात. काचेच्या फटीतून दरवाजात पाणी शिरणार हे गाडी बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते, त्याची वाट त्याने खाली काढून दिलेली असते. गंज याच भोकांभोवती सुरू होतो, म्हणून ठिगळही तिथेच लागते, आणि नवा सपाट पत्रा मारताना ते भोक बंद होते. राहिलेले भोक पुट्टी बुजवते. मग दरवाजा पाण्याची टाकी होतो. याची परीक्षा घरच्या घरी होते. काचेच्या फटीत तांब्याभर पाणी ओता आणि खाली पाहा. पाणी लगेच ठिपकायला हवे. ठिपकले नाही तर ते ठिगळ किती सुंदर रंगवले आहे याला काहीच अर्थ उरत नाही. मासळीच्या टेम्पोत हा प्रश्न दुप्पट गंभीर आहे. बर्फ वितळून मिठाचे पाणी रोज हौद्यात सांडते आणि निचऱ्याची भोके खवल्यांनी व भुशाने तुंबतात. ते पाणी मग हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर आणि चेसिसवर मुरत राहते.

एवढे माहीत असूनही हे काम होत का नाही? बहुतेक जण कारागिराच्या आळसाला दोष देतात. ते मला पटत नाही. कामाची वाटणीच अशी झाली आहे की आतली बाजू कोणाच्याच वाट्याला येत नाही. डेंटरचे काम पत्रा बसला की संपते, त्याचे पैसे जोडणीचे. पेंटरचे काम पुट्टीपासून सुरू होते, त्याचे पैसे दिसणाऱ्या रंगाचे. मधला टप्पा, म्हणजे वेल्डिंगच्या मागची बाजू, दोघांच्या मध्ये पडून राहतो. आयटीआयमध्येही वेल्डर हा वेगळा ट्रेड आहे, बॉडी रिपेअर आणि बॉडी पेंटिंग हे वेगळे. ती वाटणी शिकवण्यासाठी सोयीची असेल, पण गाडीचा पत्रा ती मानत नाही. गॅरेजमधली बहुतेक मुले तर आयटीआयच्या दारातूनही आलेली नसतात, उस्तादाच्या हाताखाली शिकलेली असतात आणि उस्तादाने जे केले तेच करतात. ग्राहकही विचारतो ते दोनच प्रश्न, किती दिवस लागतील आणि रंग मॅच होईल ना. ज्याबद्दल कोणी विचारत नाही आणि ज्याचे पैसे कोणी देत नाही ते काम कारागिराने स्वतःच्या खिशातून करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून पहिला बदल बिलात व्हायला हवा. ‘आतले गंजरोधक काम’ अशी वेगळी ओळ, तिची वेगळी रक्कम, आणि ते कोणी करायचे हे आधीच ठरलेले.

यावर पहिली हरकत खर्चाची, आणि ती हलकी नाही. टेम्पो एक दिवस जास्त उभा राहिला की त्या दिवसाची फेरी बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. पण खर्च कुठे होतो ते नीट पाहिले तर आतल्या कामाचा भाग लहान निघतो. पत्राकामात मोठा पैसा जातो तो कापणे, माप काढणे, वेल्डिंग, घासणे आणि रंग यांच्या मजुरीत. प्रायमर, सीलर आणि मेण यांचा माल त्यापुढे थोडा आहे. ठिगळ गेले की ही सगळी मोठी मजुरी पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते, आणि दुसऱ्या वेळी भाग अधिक मोठा कापावा लागतो, कारण गंज जुन्या कडेपलीकडे पसरलेला असतो. तिसऱ्या वेळी वेल्ड करायला धड पत्राच उरत नाही. फेरीचा एक दिवस वाचवून पुढच्या वर्षांत तीन-चार दिवस गमावण्याचा हा व्यवहार आहे. शिवाय काटकसर करायचीच तर ती बाहेरच्या चकाकीत करता येते. हौद्याच्या तळाला आरशासारखा रंग लागत नाही, तिथे दोन हात इपॉक्सी पुरे.

दुसरे उत्तर नेहमी मिळते ते जळक्या ऑइलचे. खालून जळके ऑइल मारले की गंज लागत नाही, असे इथले जुने लोक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. तेलाचा थर पाण्याला अडवतो. पण तो थर दोन-चार जोरदार पावसांत उतरतो, रबरी बुश आणि होस फुगवतो, खालची माती आणि शेताचे पाणी नासवतो. पुढच्या खेपेला त्याच जागी वेल्डिंग करायचे झाले तर पेट घेण्याची भीती असते आणि प्रायमर धरत नाही ते वेगळेच. जुन्या ऑइलमध्ये इंजिनातली आम्लेही आलेली असतात. काळ्या डांबरी किंवा रबरी अंडरबॉडी कोटिंगची गोष्ट थोडी वेगळी आहे. स्वच्छ, प्रायमर दिलेल्या पत्र्यावर ते उत्तम काम करते. गंजावरच ते फासले तर ओल आत कोंडते, आणि पत्रा आत सडत असताना वरून मात्र धडधाकट दिसतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ताज्या काळ्या कोटिंगकडे समाधानाने नव्हे, संशयाने पाहावे. गंजाचे रूपांतर करणाऱ्या रसायनांचाही असाच प्रकार आहे. घासून उरलेल्या खड्ड्यांतल्या गंजावर ती उपयोगी पडतात, सुटलेल्या पापुद्र्यांवर नाही.

जस्ताचा पत्राच का वापरू नये, हा प्रश्न या भागात विचारणे साहजिक आहे. १९८२ मध्ये जिंदाल समूहाने तारापूरची पिरामल स्टील ही छोटी पोलाद गिरणी घेतली, आणि आज याच वसाहतीत जेएसडब्ल्यूचा जस्त व रंग चढवलेल्या पत्र्यांचा मोठा कारखाना आहे. भारतीय मानक आयएस २७७ प्रमाणे १२० ग्रॅम जस्ताचा पत्रा घेतला तर दर बाजूला साधारण ८ मायक्रॉन जस्त मिळते, २७५ ग्रॅमचा घेतला तर १९ मायक्रॉन. फ्लोअर आणि हौद्यासाठी असा साधा, नरम जीपी पत्रा वापरणे केव्हाही चांगले. छपराचा कडक पत्रा मात्र वळत नाही, तडकतो. दोन पथ्ये पाळावी लागतील. वेल्डिंगच्या रेघेभोवतीचे जस्त आधी घासून काढायचे आणि नंतर जस्तयुक्त रंगाने ती जागा भरायची, नाहीतर मोक्याच्या जागी पत्रा पुन्हा उघडाच. आणि हवा खेळती ठेवायची. जस्ताच्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, आणि दूध प्यायल्याने तो धूर उतरतो हा समज खोटा आहे. पंखा, उघडी जागा आणि योग्य मास्क हाच उपाय. बंद शेडमध्ये दिवसभर गॅल्व्हनाइज्ड पत्रा जोडणाऱ्या पोराच्या फुप्फुसाचा विचार मालकाने करायला हवा.

सर्वांत वजनदार हरकत वेगळीच आहे. जुन्या गाड्या जगवायच्याच कशाला? देशाचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले, १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्या बाद होऊ लागल्या. रोख स्पष्ट आहे. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर नव्या पत्र्याने कमी होत नाही हे मान्यच करायला हवे, आणि ज्या गाडीचे चेसिसच खाल्ले गेले आहे तिच्यावर ठिगळ मारणे हा लोकांच्या जिवाशी खेळ आहे, ती मोडीतच जावी. पण या किनाऱ्यावर पत्रा सडतो तो काही फक्त पंधरा वर्षे उलटलेल्या गाड्यांचा नव्हे. हप्ते नुकतेच फिटलेल्या, कायद्याने अजून कितीतरी वर्षे चालू शकणाऱ्या गाड्यांचे फ्लोअर इथे जातात. भारतात एक टन कच्चे पोलाद बनवताना अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चालू इंजिनाची गाडी केवळ रनिंग बोर्ड सडला म्हणून टाकून देणे हे पर्यावरणाच्या नावावर खपणार नाही. शिवाय मासळी विकणाऱ्या बाईला किंवा भाजीच्या व्यापाऱ्याला नवी गाडी घ्या म्हणणे सोपे असते, कर्ज त्यांना फेडायचे असते.

म्हणूनच तपासणीचा मुद्दा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे व्यावसायिक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्याकडच्या गाड्या त्यासाठी वसईच्या परिवहन कार्यालयाकडे जातात, आणि पासिंगच्या आधी रंग मारून घेणे ही रूढ रीत झाली आहे. रंग नवा असला की पत्रा चांगला, असे समजण्याची चूक इथूनच सुरू होते. ब्रिटनमध्ये एमओटी ही सक्तीची वाहन तपासणी १९६० पासून आहे. तिथे सीट बेल्ट, सस्पेन्शन, स्टीअरिंग यांच्या जोडणीपासून ३० सेंटीमीटरच्या आत पत्रा गंजाने दुबळा झाला असेल तर गाडी नापास होते, आणि अशा जागी लावलेले ठिगळ सलग वेल्ड केलेले असावे लागते, टाके घातलेले चालत नाही. हाच नियम आपण उचलावा. नवी यंत्रे लागणार नाहीत. एक बॅटरी, एक छोटी हातोडी आणि गाडीखाली वाकून पाहणारा माणूस पुरे. शाळेच्या व्हॅन आणि कामगार वाहतुकीच्या गाड्यांपासून सुरुवात करावी, कारण त्यांच्या फ्लोअरवर सीट बोल्ट केलेल्या असतात आणि त्या सीटवर माणसे बसतात. तपासणी कडक केली की भ्रष्टाचार वाढेल, असे काही जण म्हणतील. ती भीती खोटी नाही. पण निकष मोघम असला की पैसे खायला जागा जास्त मिळते. अमुक जागेपासून ३० सेंटीमीटर, वेल्डिंग सलग, हे मापाने दाखवता येते आणि मालकालाही भांडायला हाताशी काही राहते.

वेळेचाही विचार हवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीचे टेम्पोही मोकळे असतात, म्हणून पत्राकाम त्या दोन महिन्यांत काढण्याचा मोह होतो. नेमके तेव्हाच ते करू नये. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना प्रायमर मारू नये आणि पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान तीन अंश गरम असावा, हा औद्योगिक रंगकामाचा साधा दंडक आहे. उघड्या शेडमध्ये भर पावसात मारलेला प्रायमर ओलीवरच बसतो. काम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतच्या कोरड्या दिवसांत उरकावे, आणि जूनमध्ये फक्त धुऊन, वाळवून, पोकळीत मेणाचा नवा हात द्यावा.

हे दंडक कोणी परदेशातून येऊन शिकवण्याची गरज नाही. तारापूर वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांच्या टाक्या, पाइप आणि लोखंडी सांगाडे याच हवेत उभे आहेत, आणि त्यांच्या रंगकामाचे ठेकेदार पत्रा घासल्यापासून प्रत्येक थराची जाडी मीटरने मोजेपर्यंत सगळे करतात. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ पासून समुद्राच्या पाण्यावर थंड होतो आहे, गंजाशी रोजचे वैर सांभाळल्याशिवाय ते शक्य नाही. त्या कंपन्यांतले रंगारी, वेल्डर, सुपरवायझर संध्याकाळी बोईसर-पालघरमध्येच घरी परततात. उद्योगसंघटना, आयटीआय आणि गॅरेजवाले एकत्र बसले तर आठवड्याच्या एका सुटीत चार तासांचा वर्ग भरवता येईल, आणि तेवढ्यात या लेखातला प्रत्येक टप्पा हाताने करून दाखवता येईल. कंपन्यांनी आपल्या कामगार वाहतुकीच्या ठेक्यात ‘पत्रादुरुस्ती झाल्यास आतले गंजरोधक काम बंधनकारक’ एवढे वाक्य घातले तरी गॅरेजच्या बिलात ती ओळ आपोआप येईल.

तोवर हे काम गाडीमालकाच्याच हातात आहे. गाडी पत्राकामाला टाकाल तेव्हा जुना पत्रा कापून झाल्यावर एकदा, आणि पुट्टी लागण्याआधी दुसऱ्यांदा, गॅरेजमध्ये जाऊन उभे राहा. वेल्डिंगची मागची बाजू मोबाइलच्या उजेडात स्वतः पाहा, तिचा फोटो काढून ठेवा. निचऱ्याची भोके उघडी आहेत का ते पाणी ओतून बघा. आणि आतल्या कामाचे जे पैसे कारागीर सांगेल ते घासाघीस न करता द्या.